धरलेल्या चार खुर्च्या

कुरुळी,
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

दाजींना गणराजचा नमस्कार.

आम्ही इकडं खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी. आठवीपर्यंत शाळेत पत्राची सुरुवात अशीच शिकवली होती, म्हणून तशी केली. खरं म्हणजे इकडं खुशाल काही नाही, आणि तुमची खुशाली कळावी तर तुम्ही फोन उचलत नाही. शनिवारपासून किती मेसेज केले. दोन निळ्या खुणा येतात आणि तुम्ही गप. हे सगळं फोनवरच लिहून टाकलं असतं, पण पिंटू शाळेतून आला की तुमचा फोन त्याच्या हातात असतो, आणि लेकराच्या हातातून तो आक्का काढून घेते. म्हणून हा कागद. उद्या तुमच्या कंपनीच्या गेटवर बंद पाकीट देतो. आक्काला यातलं काही माहीत नाही. मी सांगितलेलं नाही, आणि तुम्ही सांगितलं असेल असं वाटत नाही.

आज गुरुवारची सुट्टी म्हणून कंपन्या बंद, लाईट पण गेलेली. खोलीतली पोरं कपडे घेऊन टाकीवर गेलीत. मला तर शनिवारपासून रोजच गुरुवार आहे. आमचे ठेकेदार दौलतराव, त्यांनी सांगितलंय, सोमवारपर्यंत कामावर येऊ नको.

सोमवारी चिंचवडला त्या इंजिनिअर लोकांच्या संघटनेच्या ऑफिसात मीटिंग आहे. परिषद भरवणारे, हॉलवाले, आमचे दौलतराव, आणि त्या दिवशी पडल्या त्या दीपमाला मॅडमच्या आयटीआयमधलं कोणीतरी. तिथं मला उभं करून दोन गोष्टी विचारणार आहेत. तीन नंबरच्या खोलीत शेवटची माणसं कोणी सोडली, आणि पुढच्या रांगेतल्या चार खुर्च्या कोणासाठी धरल्या होत्या. मी उत्तर दिलं नाही तर मी कामावरून गेलो. तुम्हाला त्यात नवीन काही वाटायचं नाही. तुम्ही चारचौघांत सांगताच, आमचा मेव्हणा कुठं टिकत नाही, त्याच्या पायाला भिंगरी आहे. भोसरीचं सोडलं, महाळुंग्याचं सोडलं, तुम्ही चिकटवलेलं प्रेसशॉपचं पण सोडलं. बरोबर आहे. पण हे मी सोडलेलं नाही दाजी. हे काम मला आवडतं. खुर्च्या लावणं, माईक बघणं, माणसं बसवणं. पुढच्या महिन्यापासून दौलतराव मला पोरांवर मुकादम करणार होते. पहिल्यांदा कुठंतरी टिकत होतो, आणि तेवढ्यात तुम्हाला जागा धरायची होती.

आता शनिवारचं पहिल्यापासून लिहितो. तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही विसरल्यासारखं करताय.

आदल्या दिवशी मी तुमच्याकडं संत तुकाराम नगरला मुक्कामाला आलतो, कारण कुरुळीहून सकाळी लवकर चिंचवडला पोचणं होत नाही. जेवताना तुम्ही म्हणलात, "गण्या, तुमचीच पोरं आहेत ना उद्या तिथं? तीन नंबरच्या खोलीत एक लेक्चर आहे. मशीन बिघडायच्या आधी मशीनच सांगतं, त्यावर. बेंगळुरूचा माणूस येणार आहे. आमचे साहेब येणार. पुढच्या चार खुर्च्या धर. दिवाळीत वल्लभनगर स्टँडवर एसटीत धरल्या तशा."

आक्का वाढता वाढता हसली. "त्याच्यासारखा जागा धरणारा आख्ख्या कळंब तालुक्यात नाही," म्हणली. मला बरं वाटलं. कॉलेजला असताना आक्का दर सोमवारी लातूरला जायची आणि मी कळंब स्टँडवर एसटी थांबायच्या आत खिडकीला लोंबकळून आत रुमाल टाकायचो. तेवढ्या एका गोष्टीत मला घरात मान आहे. बाकी शिक्षणाच्या नावानं शिमगा. तर तुम्ही तुमच्या साहेबासाठी मला काम सांगितलं, आणि मी खुळ्यासारखा खूश झालो. सकाळी आक्कानं डबा दिला. तो स्टीलचा, कड्यांचा, तुमच्या लग्नातला.

तिथं सकाळपासून काय चाललं होतं ते तुम्ही बघितलं नाही, कारण तुम्ही बाहेर स्टॉलवर फुकटच्या पिशव्या गोळा करत होता. मी बघितलं. दाजी, मी आठवी नापास, मला मोठ्या लोकांचं काही कळत नाही असं धरून चला. पण एवढी शिकलेली माणसं एका खोलीत कशी बसतात ते बघून मला गावच्या ग्रामसभेची आठवण झाली. ग्रामसभा बरी. तिथं निदान सतरंजी असते, सगळे खाली.

खोली साठ खुर्च्यांची. लेक्चर सुरू व्हायच्या आधीच ती भरली. भरली म्हणजे कशी, तर जो येतो तो कडेच्या खुर्चीवर बसतो. मधल्या खुर्च्या रिकाम्या. आत जाणाऱ्याला म्हणतो, जा की, आणि गुडघे एवढेसे आखडून घेतो, जसा काही उठला तर पगार कापतील. मग येणारे आत जातच नाहीत, भिंतीला उभे राहतात. ज्या खुर्च्यांवर माणूस नाही त्यांच्यावर लॅपटॉपची बॅग. "साहेब, बॅग खाली ठेवता का?" म्हणलं तर "कोणीतरी येतंय." कोण येतंय? ते कोणीतरी बाहेर चहाच्या रांगेत, आणि इथं एक माणूस दोन खुर्च्या अडवून फोनवर क्रिकेट बघतोय. दारात उभा राहून एक जण मोठ्यानं बोलतोय, "हां हां, सेशनमध्येच आहे." सेशनमध्ये नाही, माझ्या पायावर आहे. आणि आत पडद्यावर काही नवीन आलं की सगळे हात वर करून फोटो काढणार. मागच्यांना पडदा दिसत नाही, नुसते हात दिसतात. ते सगळे फोटो कधी कोण बघत असेल का, असं सनीनं मला विचारलं. सनी म्हणजे माझ्याबरोबर दारावर होता तो पोरगा, तुम्ही त्याला पाण्याची बाटली मागितली होती.

मी म्हणलं, "आपल्याला काय करायचंय."

सनी म्हणला, "भावा, मला एक सांग. हे लोक मशीनला शिकवतात ना, गर्दी झाली की थांब म्हणून? मग स्वतः का थांबत नाहीत?"

आम्ही दोघं हसलो. हे लिहितोय कारण त्यानंतर त्या खोलीत मी हसलो नाही.

तुमच्या चार खुर्च्या मी सकाळीच धरल्या होत्या. पहिल्या रांगेत उजवीकडच्या. एकीवर रुमाल, एकीवर माझी टोपी, एकीवर पाण्याची बाटली, आणि चौथीवर ठेवायला माझ्याकडं काही उरलं नाही म्हणून आक्कानं दिलेला डबा. लोकांनी चौकशी केली, पण एकानंही उचलून बाजूला ठेवलं नाही. एसटीचा कायदा तिथं पण चालतो. रुमाल असला की जागा गेली.

लेक्चर सुरू झालं. उभी माणसं बसलेल्यांपेक्षा जास्त झाली असतील. दोन्ही भिंतींना रांगा, मधल्या वाटेत मांड्या घालून बसलेले, वाटेतच चार्जरच्या वायरी आणि बॅगा. एसी कामातून गेल्यासारखा. उजव्या भिंतीला दीपमाला मॅडम उभ्या होत्या, हातात काठी. पन्नाशीच्या असतील. आयटीआयमध्ये शिकवतात. त्यांचा एक पाय लहानपणापासून अधू आहे. हे मला नंतर कळलं. आणि पुढं चार खुर्च्या रिकाम्या. भाषण देणाऱ्या माणसानं पण मधेच थांबून बघितलं, आणि इंग्लिशमध्ये काहीतरी बोलला. लोक हसले. तो माझ्या डब्याकडं बोट दाखवत होता.

संघटनेचा माणूस येऊन मला सांगून गेला, "आता दार बंद. मंत्री आला तरी सोडायचा नाही."

आणि मग तुम्ही आलात. भाषण निम्मं झालं होतं. तुम्ही, तुमचे साहेब आणि अजून दोघं. चौघांच्या हातात कॉफी. मी दार एवढंसं उघडून तोंड बाहेर काढलं आणि हळू आवाजात म्हणलं, "दाजी, आता राहू द्या. आत मुंगीला जागा नाही. मी तुम्हाला बाहेरच्या टीव्हीसमोर बसवतो, तिथं सगळं दिसतंय."

तुम्ही माझ्याकडं बघितलं. मग साहेबांकडं बघितलं. आणि मला काय म्हणलात ते आठवतं का?

"ए भाऊ, बाजूला हो जरा. आमच्या सीट्स रिझर्व्ह आहेत."

ए भाऊ. आदल्या रात्री तुमच्या शेजारी ताट घेऊन बसलेला माणूस, तुमच्या पोराचा मामा. दाजी म्हणलेलं साहेबानं ऐकलं की काय म्हणून तुम्ही एक पाऊल मागं सरकलात ते मी बघितलं. मी दारावर उभा राहतो याची मला लाज नाही. तुम्हाला आहे हे मला तेव्हा कळलं.

तरी मी दार उघडलं. यावर सनी मला चार दिवस शिव्या देतोय. तो म्हणतो, "का उघडलंस रे? मंत्री आला तरी नाही म्हणलं होतं, तू त्याच्यापेक्षा मोठा कोण बघितलास?" त्याला कसं सांगू? आमच्याकडं जावई दारात आला की घरातलं माणूस उठून उभं राहतं. उंबऱ्यात त्याला थांबवायचं नसतं. आईनं पहिल्या दिवाळीला तुमच्या पायावर पाणी घातलेलं मी बघितलंय. त्या दिवशी माझ्या डोक्यात ना संघटनेचा माणूस आला, ना साठ खुर्च्या. जावई दारात उभा आहे, एवढंच आलं. तुम्ही मला ओळख दाखवली नाही, आणि मी नातं पाळलं.

तुम्ही उजव्या भिंतीनं घुसलात. "एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी" म्हणत. माझ्या कानात अजून ते आहे. एक्सक्यूज मी म्हणायचं आणि खांदा मारायचा. कॉफी सांडेल म्हणून लोक मागं सरकले, मागचे त्यांच्या मागच्यांवर गेले. मॅडमची काठी कोणाच्या तरी बॅगेच्या पट्ट्यात अडकली. त्या पडल्या तो आवाज मोठा नव्हता. हात खाली आला. मनगट मोडलं. त्यांना बाहेर काढायला वाट नव्हती. वाटेतले लोक उठायला लागले तर त्यांचे पाय आखडलेले, वायरी, लॅपटॉप. तेवढ्यात दोघा-तिघांनी त्यांना उचललं आणि जवळची मोकळी खुर्ची बघून बसवलं. चौथी. डब्याची.

डबा कोणी उचलला, दाजी?

तुम्ही उचललात. मी दारातून बघत होतो. झाकणावर तुमचं नाव घातलेलं आहे, 'चि. ज्ञानेश उद्धवराव लोमटे यांस सप्रेम भेट', मोठ्या अक्षरात, आमच्या मारुतमामानं घालून घेतलेलं. ते तुम्ही वाचलं. अंगठा फिरवला त्याच्यावर. आणि मग डबा वर धरून म्हणलात, "हे कोणाचं आहे? व्हॉलंटियर, हे घेऊन जा इथून."

सनीनं नेला.

हे पण मी गिळलं असतं. पण शेवटी प्रश्न विचारायला माईक फिरत होता, तो तुम्ही हातात घेतलात. मॅडमला तोवर गाडीत घालून नेलं होतं. मला वाटलं आता तुम्ही बोलाल. माझी चूक झाली असं नाही, पण काहीतरी माणसासारखं. तुम्ही मराठीतच बोललात, सगळ्यांना कळावं म्हणून. "कंटेंट उत्तम होता. पण रूम मॅनेजमेंट अत्यंत खराब. दारावरच्या मुलांना बेसिक ट्रेनिंग नाही. कोणालाही आत सोडतात." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्या साहेबांनी पण. मी माईकची वायर गुंडाळत होतो.

त्या टाळ्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. वाटेत बसलेले, दारात बोलणारे, बॅगांना खुर्च्या देणारे, सगळे टाळ्या वाजवत होते. सगळ्यांना एकदम सापडलं की चूक कोणाची.

आता दौलतरावांचं. तुम्हाला ते मांडववाले म्हणून माहीत आहेत. मोशीचे जुने, आधी लग्नाचे मांडव घालायचे, आता हे हॉलचं काम घेतात. त्यांनी रविवारी मला बोलावलं. टेबलावर डबा.

म्हणाले, "ह्यो तुझा डबा हाय का?"

"व्हय."

"लोमटे कोन हाय?"

मी म्हणलं, "माहीत नाही. जुन्या बाजारातून घेतलाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "नाव घातलेला लग्नातला डबा कोन इकतं रं? आमच्यात माणूस गेलं तरी भांडं न्हाई इकत." मग म्हणाले, "हे बघ, आमी मांडवात हजार माणसं बसवली. मानाची खुर्ची कुनाची ते आमाला नवं न्हाई. तू कुनासाठी तरी धरल्यात. सोमवारी नाव सांग. न्हाईतर ते लोक पुढल्या सालचं काम माझ्याकडनं काढून घेत्यात, आन् मग तुझं एकट्याचं न्हाई, समद्या पोरांचं जातंय."

ते म्हणाले, "डबा हितंच ऱ्हाऊ दे. सोमवारी संगं नेतो."

मी का गप्प राहिलो ते तुम्हाला कळत असेल. कळत नसेल तर लिहितो. प्रेसशॉपचं काम मी सोडलं तेव्हा तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. आक्काला बोललात. पंचमीला तिला गावी जाऊ दिलं नाहीत. महिनाभर जेवताना ताटाकडं बघून जेवलात, आणि काही लागलं तर पिंटूला सांगायचात, "आईला म्हण मीठ दे." आक्कानं मला हे सांगितलं नाही. पिंटूनं सांगितलं, खेळ सांगावा तसं. माझ्या चुकीचं बिल दर वेळी तिच्याकडं जातं. म्हणून जुना बाजार. म्हणून मी दौलतरावांसमोर, ज्या माणसानं मला रोज जेवू घातलं त्याच्यासमोर, खोटं बोललो.

लाईट आली होती, परत गेली. खोलीतली पोरं आली, विचारतात एवढं काय लिहितोय, लग्नाची यादी का. मी बाहेर पायरीवर येऊन बसलोय.

वर मी एक गोष्ट नीट लिहिली नाही. मी लिहिलं की मॅडम भिंतीला उभ्या होत्या. त्या आपल्या आपण उभ्या नव्हत्या.

भाषण सुरू व्हायच्या आधी त्या पुढं आल्या होत्या. डब्याच्या खुर्चीशी थांबल्या आणि मला विचारलं, "दादा, इथं बसू का?"

मी म्हणलं, "नाही मॅडम, धरलेली आहे."

"कोणी आलं की उठते मी."

"नको मॅडम. व्हीआयपींची आहे."

त्यांच्या हातात काठी होती. मला ती दिसत होती. काळी, खाली रबर लावलेली. त्यांनी डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गेल्या भिंतीकडं. एसटीत रुमाल टाकला तरी काठीवालं माणूस आलं की रुमाल उचलायचा असतो. हा पण कायदाच आहे, आणि तो मला लहानपणापासून माहीत आहे. मी स्वतः कितीदा उचललाय. कळंब स्टँडवरून आक्का उभी राहून गेलीय लातूरपर्यंत, म्हाताऱ्या बाईला जागा देऊन, आणि मला वरून शाबासकी दिलीय. शनिवारी मी उचलला नाही. कारण तुम्ही सांगितलं होतं. आणि कारण तुम्ही मला काम सांगितलं याचा मला आनंद झाला होता. मला जास्त राग कशाचा येतो सांगू? तुमच्या साहेबासाठी मी एका पांगळ्या बाईला खोटं सांगितलं, आणि तो साहेब खुर्चीवर बसून फोनच बघत होता.

मंगळवारी मी त्यांच्या घरी गेलो. चिंचवड गावठाणात राहतात, सुनेबरोबर. दार त्यांनीच उघडलं, गळ्यात हात अडकवलेला. मला बघून म्हणाल्या, "व्हीआयपी आले का मग?"

मी म्हणलं, "आले मॅडम."

"बसले?"

"तिघं बसले. चौथीवर तुम्हाला बसवलं."

त्यांनी आत यायला सांगितलं. मी चप्पल काढून खालीच बसलो तर ओरडल्या, "खुर्ची आहे ना, वर बस. नाटक नको." सून चहा घेऊन आली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "माफी नंतर. मला तीन दिवस सगळे फोन करतात. संघटनेचे, हॉलचे, आमचे प्राचार्य. सगळे म्हणतात, मॅडम, गर्दीच एवढी होती. गर्दीनं मला नाही पाडलं. गर्दीत मी अर्धा तास उभी होते. चार माणसं शिरली म्हणून पडले. कोण होती ती?"

मी म्हणलं, "एक माझ्या घरचा होता."

त्यांनी नाव विचारलं नाही. चहा संपवला. निघताना म्हणाल्या, "मुलांना मी फायलिंग शिकवते, कानशीनं लोखंड घासून जॉब करायचा. पहिल्या दिवशी सांगते, जॉब बिघडला तर तो लपवू नका, टेबलावर ठेवा. लपवलेला जॉब पुढच्याच्या हातात फुटतो." मग डाव्या हातानं दार लावून घेतलं.

मी कुरुळीपर्यंत उभा आलो. बसमध्ये जागा होती.

काल आक्काचा फोन आला. तिचं पहिलं वाक्य काय असेल ते तुम्हाला माहीत आहे. "गणू, डबा कुठाय? शनिवारपासून सेट मोडलाय माझा." मी म्हणलं आणतो. म्हणली, "आवाज का असा? जेवलास का त्या दिवशी?" मी म्हणलं जेवलो. म्हणली, "काय काय होतं सांग बरं." ती अशीच पकडते. मी झाकणसुद्धा उघडलं नव्हतं दाजी, मला काय माहीत आत काय होतं. मी म्हणलं भाकरी. ती म्हणली, "आणि?" मी म्हणलं, "आक्का, डबा आमच्या कामावर राहिलाय. सोमवारी चिंचवडला दाजींना मिळेल. ते संध्याकाळी घेऊन येतील."

असं माझ्या तोंडातून निघालं. आधी ठरवलं नव्हतं. पण निघाल्यावर मला मोकळं वाटलं, आणि आता मी ते परत घेणार नाही.

ती म्हणली, "ह्यांना कसा काय मिळेल?" मी म्हणलं, "तेच सांगतील."

तर सोमवारचं असं आहे. सकाळी अकराला मीटिंग. मी जाणार. माझं जे आहे ते मी सांगणार. खुर्च्या मी धरल्या, मॅडमला मी नाही म्हणलं, दार मी उघडलं. त्यासाठी काढलं तर काढू द्या. तुमचं नाव मी घेणार नाही. जावयाचं नाव चारचौघांत खाली पाडायचं नाही हे मला आईनं शिकवलंय आणि तेवढं मी पाळीन. पण डबा टेबलावर असेल. त्यावर नाव आहे. या वेळी कोणी विचारलं लोमटे कोण, तर मी जुना बाजार म्हणणार नाही. मी गप्प बसेन आणि दाराकडं बघेन.

तुम्ही यायचं का नाही ते तुम्ही ठरवा. आलात तर मी उठून उभा राहीन, आणि या वेळी तुम्हाला बसायला खुर्ची मिळेल, तिथं गर्दी नसते. आला नाहीत तर डबा मी दौलतरावांकडून घेईन आणि स्वतः आक्काच्या हातात देईन. मग ती विचारेल, आणि तिला मला खोटं सांगता येत नाही, एका भाकरीच्या पुढं तर नाहीच.

आणि तिला मिठासाठी पिंटूकडून निरोप यायची वेळ परत आली, तर या वेळी मी कुरुळीत बसून राहणार नाही. ही धमकी समजा. मला दुसरा शब्द सुचत नाही.

भरलेला आलेला डबा रिकामा परत देऊ नये म्हणतात. तो रिकामा नाही. तिनं पहाटे उठून जे काही केलं होतं ते अजून आतच आहे, कडी काढलेली नाही, आठ-नऊ दिवसांचं होईल सोमवारी. दौलतराव म्हणाले ऑफिसात वास सुटलाय. वाटेत कुठं फेकून, धुऊन, कोरा करून नेऊ नका. तसाच न्या, आणि तिच्यासमोर उघडा.

पिंटूला मामाचा पापा. आक्काला काही नको, तिला मी भेटेन तेव्हा.

तुमचा मेव्हणा,
जो साहेबांसमोर 'ए भाऊ' होता तोच,
गणराज